पुण्यस्मरणाच्या चार ओळी आणि त्यांच्या पुढची कविता

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या कर्नाटकातल्या सीमाभागात मराठी वर्तमानपत्र उघडलं की आतल्या पानावर निधनवार्तांचा रकाना असतो. नाव, गाव, वय, 'पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार', आणि शेवटी रक्षाविसर्जन कुठल्या वारी, किती वाजता. तिथेच कुठेतरी चौकटीत फोटो, वर 'प्रथम पुण्यस्मरण' आणि खाली चार ओळी. मायेचा सागर, आधारवड, हरपलं छत्र, पोरकी झाली लेकरं. या ओळी बहुतेक वेळा जाहिरात घेणाऱ्याकडे तयारच असतात. घरच्यांनी त्यातल्या निवडायच्या आणि खाली आपली नावं घालायची. त्यांना नाक मुरडायचं काही कारण नाही. गावाला, भावकीला सांगायचं असतं की आम्ही विसरलो नाही, आणि तेवढं काम त्या चोख करतात.

पंचाईत होते ती कवीची. आई किंवा वडील गेल्यावर कागद पुढे ओढला की पहिल्यांदा हाताशी येतात त्या याच ओळी. वर्षानुवर्षं वाचून त्या कानात मुरलेल्या असतात, आणि दुःख खरं असल्यामुळे शब्दही आपलेच आहेत असं वाटत राहतं. म्हणून पहिल्या खर्ड्याला एक साधी परीक्षा लावावी. कवितेतल्या आईच्या जागी शेजारच्या मावशींना बसवून बघावं. एकही ओळ अडली नाही, तर कविता अजून तुमच्या आईपर्यंत पोचलेली नाही. शेजारच्या मावशी पावकी-निमकी म्हणत नव्हत्या, भाकरी थापताना रेडिओला उत्तर देत नव्हत्या, असं एखादं खुसपट निघायलाच हवं.

आई-वडिलांवरच्या कविता का फसतात, याबद्दल माझं मत ठाम आहे. त्यांत लेकरू फार असतं आणि माणूस थोडा. 'मी रडलो', 'मी एकटा पडलो', 'मला आता कोण विचारणार' असं पानभर चालतं; वडील मात्र फोटोतल्यासारखे गप्प उभे. त्यांचे हात कसे होते, ते पैसे कुठे ठेवत, रागावले की कुठल्या भाषेत जात, यातलं काही नाही. वाचणाऱ्याला तुमचं दुःख सांगून समजत नाही. गेलेला माणूस आधी त्याच्यासमोर चालता-बोलता उभा राहावा लागतो. मग तो नसणं काय असतं हे त्याचं त्याला कळतं.

तेव्हा लिहिण्याआधी जमवाजमव. ही शक्यतो पहिल्या तेरा दिवसांतच सुरू करावी, कारण घर तेव्हा माणसांनी भरलेलं असतं आणि बोलणं दुसऱ्या कशाचं नसतंच. एक वही घ्यावी. डाव्या पानावर फक्त ऐकलेलं आणि पाहिलेलं लिहायचं, उजवं पान कोरं ठेवायचं. तिथे पुढे ओळी येतील. डाव्या पानावर विशेषण नको. 'अप्पा फार कष्टाळू होते' ही नोंद पुढे कामाला येत नाही. 'अप्पा पाणी पाजायला रात्री जाताना बॅटरी न्यायचे, पण लावायचे नाहीत, सेल वाचावेत म्हणून' ही येते.

सगळ्यात आधी आवाज जातो. चेहऱ्याला फोटोंचा आधार असतो, आवाजाला नसतो. फोनवरचे जुने आवाजी निरोप असतील तर ते त्या आठवड्यातच दुसरीकडे उतरवून घ्यावेत, तारखेसह नाव द्यावं. फोन बदलला, बिघडला की ते गेले. मग तोंडातले शब्द लिहावेत, जसेच्या तसे. वाक्याच्या शेवटी येणारा 'की', जेवायला बोलावण्याची तऱ्हा, बाजारात कानडीत चाललेला हिशेब आणि घरी आल्यावर तोच हिशेब मराठीत. आपल्या भागात एकाच माणसाच्या तोंडात दोन भाषा असतात आणि कुठली कधी यायची हे ठरलेलं असतं. ते ठरणंच नोंदवायचं.

कामाबद्दल घरच्यांपेक्षा बाहेरचे जास्त सांगतात. मुलाला वडिलांचं दमून घरी येणं माहीत असतं, काम माहीत नसतं. वडगाव-शहापूरच्या मागावर आयुष्य काढलेल्या माणसावर लिहायचं तर ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) आणि धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीच्या, आवाजाबद्दल शेजारच्या मागावरच्या माणसाला विचारावं. यंत्रमागाच्या खडखडाटात राहिलेली माणसं घरातही मोठ्याने बोलतात. पोरांना वाटतं बाप सारखा ओरडतो. या एका गोष्टीतून कविता निघू शकते. येळ्ळूरच्या भातशेतकऱ्याची चिखलणी आणि लावणी, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्याची पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली ट्रंक, किराणा दुकानदाराची उधारीची वही, प्रत्येकाची क्रियापदं वेगळी. ती वहीत नीट उतरली की निम्मं काम झालं.

कागदपत्रंही काढावीत. सीमाभागात आई-वडिलांच्या ट्रंकेत दोन लिप्या एकमेकींवर घडी घालून ठेवलेल्या सापडतात. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याआधीचा शाळेचा दाखला मुंबई राज्यातला, मराठीत. नंतरचा जमिनीचा उतारा कानडीत, रेशनकार्ड कानडीत. पिग्मीच्या, म्हणजे रोज थोडी ठेव ठेवायच्या, पुस्तकात रोजचे दहा-वीस रुपये. १ नोव्हेंबर २०१४ नंतर गेलेल्यांच्या दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण 'बेळगावी'. आयुष्यभर ते बेळगाव म्हणत आले. यातलं सगळं कवितेत कोंबायचं नाही. कागद हे तपासणीसाठी. आठवण तारखा सरकवते, गावं बदलते, आणि भावंडांनी कविता वाचून 'हे असं नव्हतंच' म्हटलं की कवीचा हात लटपटतो. ती वेळ आधीच टाळलेली बरी.

भावंडांचं निघालंच आहे तर सांगतो. थोरल्याचा बाप आणि धाकटीचा बाप एक नसतो. थोरल्याने कर्जातला पाहिलेला असतो, धाकटीने म्हातारपणी मऊ झालेला. दोघांनाही वेगवेगळं बसवून विचारावं. एकत्र बसले की सगळे मिळून एक चांगला, गुळगुळीत बाप तयार करतात आणि तो कवितेच्या कामाचा नसतो. पिणं, मारणं, वाटणीतला अन्याय असलं काही निघालं तर वहीत लिहून ठेवावं. कवितेत घ्यायचं की नाही हे वर्षाने ठरवावं. घेतलंच तर हयात असलेल्या माणसाला, म्हणजे बहुधा आईला, छापण्याआधी वाचून दाखवावं. तिला न विचारता छापलेल्या कवितेने घरं तुटतात.

मग थांबायचं. हे सगळ्यात जड जातं, कारण आपल्याकडे दहावा, तेरावा, महिना, वर्षश्राद्ध, भाद्रपदातला पितृपक्ष अशा तारखा लागून येतात आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, 'तू लिहितोस, दोन ओळी दे की.' द्याव्यात. चौकटीत घालायच्या चार ओळी वेगळ्या लिहाव्यात, मोकळ्या मनाने लिहाव्यात, आणि त्या वहीत आणू नयेत. एकदा का त्या छापून आल्या, लोकांनी फोन केले, की तोच सूर पक्का होतो आणि पुढची कविता त्याच वळणावर जाते.

थांबण्याचं उदाहरण बेळगावातच आहे. कवयित्री इंदिरा संत यांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले. दोघांच्या कविता 'सहवास' या संग्रहात १९४१ मध्ये एकत्र आल्या होत्या. इंदिराबाईंचा स्वतंत्र संग्रह 'शेला' आला १९५१ मध्ये, आणि वियोग त्यांच्या कवितेत पुढची कित्येक वर्षं झिरपत राहिला. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या 'गर्भरेशीम'पर्यंतचा प्रवास सलग वाचावा. मृत्यूचं नाव न घेता ऋतू, घर, दिवसाची वेळ यांतून नसलेला माणूस कसा उभा राहतो, ते तिथे शिकायला मिळतं. ते पतीबद्दल आहे, आई-वडिलांबद्दल नाही, पण कारागिरी तीच. शेजारच्या धारवाडचे कानडी कवी द. रा. बेंद्रे यांनी आणखी वेगळी वाट धरली. घरची भाषा मराठी, कविता कानडीत, आणि सही 'अंबिकातनयदत्त', म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. प्रत्येक कवितेखाली आईचं नाव. आईवर कविता लिहिली नाही तरी आई कवितेत राहते, हेही ध्यानात असावं. लिहिलंच पाहिजे असा धाक मनाला लावून घेऊ नये.

आता प्रत्यक्ष ओळींकडे. समजा, निपाणीत बिड्या वळून घर चालवलेल्या आईवर लिहायचं आहे. वहीच्या डाव्या पानावर काम उतरलं आहे: पानं रात्री भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची. सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा. चिमूट घालून पान निमुळतं वळायचं, सुताचा वेढा द्यायचा, तोंड नखाने आत दुमडायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर, आणि कारखान्यात माल देताना छाट, म्हणजे नापास बिड्या, निघतील त्या वेगळ्या.

घाट कुठला घ्यावा? मंदाक्रांता या वृत्ताची सतरा अक्षरं, चार-सहा-सातवर यती (थांबा), विरहासाठी नावाजलेली. शार्दूलविक्रीडित एकोणीस अक्षरांचं, त्यात चौदा ओळींचं सुनीत छान बसतं. पण मला वाटतं, ज्या माणसावर लिहितो त्याच्या कानाला जी चाल ओळखीची होती ती आधी करून बघावी. आई एकादशीला भजनाला बसत असेल, तर मोठा अभंग: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. यात लघु-गुरू बघायचं नाही, अक्षरं मोजायची; जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'कट्टा' दोन अक्षरी. वडील तुटक बोलणारे असतील, तर मुक्तछंद बरा.

पहिला खर्डा साधारण असा येतो:

पंचवीस मोजी
बोटांच्याच पेरी
एक कट्टा दोरी
बांधी घट्ट

अक्षरं बरोबर आहेत, यमकही आहे, तरी कडवं लंगडं. 'बोटांच्याच' मधला 'च' नुसता सहा भरायला आला आहे. पंचवीस म्हटल्यावर 'एक कट्टा' पुन्हा तेच सांगतो, कारण कट्टा पंचविसाचाच असतो. 'दोरी' यमकासाठी आली; कट्ट्याला दोरी नसते, सूत असतं. निपाणीतली कुठलीही बाई हे ऐकून म्हणेल, या कवीने कट्टा बघितलेला नाही. आणि 'घट्ट'ने काहीच दिसत नाही. मग दुरुस्ती:

पंचवीस बिड्या
सुपात मोजते
सुतानं बांधते
न बघता

'मोजते-बांधते' हे क्रियापदांचं यमक सोपं आहे, पण इथे ते चालतं. हातांची एकामागून एक होणारी हालचाल त्यात आली आहे. शेवटच्या चार अक्षरांनी एक गोष्ट नव्याने सांगितली: ती तिकडे बघत नाही. आणि असं काही सांगितलं की पुढचं कडवं मागितलं जातं. मग ती बघते कुठे? खर्डा अडला की मागच्या ओळीलाच प्रश्न विचारायचा, हा माझ्या माहितीतला सगळ्यात भरवशाचा उपाय. उत्तर वहीत असतं:

बघते ती फक्त
पोरांच्या पाटीत
कानडी ओळीत
बोट फिरे

बोलताना कुणी 'फिरे' म्हणत नाही, 'फिरतं' म्हणतात. पण त्यात अक्षर वाढतं, आणि ओवी-अभंगामुळे 'फिरे' कानाला परकं वाटत नाही, म्हणून ठेवावं. मराठी शाळेतल्या पोरांना कानडी विषय असतोच, आईला ती अक्षरं येत नाहीत, तरी ती ओळीवरून बोट फिरवते. माया, त्याग, कष्ट यातला एकही शब्द आलेला नाही. तो कुठे घालावासा वाटला तर हात आवरावा.

संबोधनाचाही विचार इथेच करावा. आई 'तू' असते, त्यात अडचण नाही. वडिलांना घरी 'तुम्ही' म्हणत होतो आणि कवितेत अचानक 'बाबा, तू' झालं, की ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून आल्यासारखी वाटते. जे घरी होतं तेच ठेवावं, अण्णा असतील तर अण्णा, अप्पा असतील तर अप्पा. 'आले', 'म्हणाले' या आदराच्या रूपांनी यमकं बदलतात, बदलू द्यावीत. कविता गेलेल्याशी बोलायला लागली की तक्रारीकडे आणि माफीकडे फार लवकर वळते, म्हणून पहिले दोन खर्डे तरी 'ती' किंवा 'ते' धरून लिहावेत.

कानडी शब्द आला तर तो वाक्यातच समजेल असा ठेवावा, खाली टीप देऊ नये. आपल्या लोकांना ती लागत नाही, आणि पुण्या-मुंबईचा वाचक संदर्भाने उमगून घेतो.

सीमाभागात एक धोका जास्तीचा आहे, तो सविस्तर सांगायला हवा. वडील सीमाभाग महाराष्ट्रात यावा या चळवळीत असले तर कविता त्यांना मोर्चात उभं करते आणि तिथून हलू देत नाही. १७ जानेवारी आणि १ जून हे हुतात्म्यांचे दिवस, १ नोव्हेंबर हा काळा दिन, या तारखा इथल्या प्रत्येक मराठी घराला पाठ आहेत. लाठ्या खाल्लेली, तुरुंगात गेलेली माणसं घराघरांत आहेत. त्यांच्याबद्दल अभिमान असणं रास्तच. पण घोषणा ओळीत आली की ती शेकडो गळ्यांतून आलेली असते, तिच्यात एकट्या बापाचा गळा ऐकू येत नाही. काळ्या दिनाच्या फेरीहून परतल्यावर ते पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते का, आईने त्या दिवशी काय रांधलं होतं, फेरीत काळी फीत लावलेला हाच माणूस दुसऱ्या दिवशी कानडी शेजाऱ्याच्या बैलाला औषध पाजायला गेला होता का, ते शोधावं. चळवळ त्या तपशिलातूनही दिसते, आणि माणूस शाबूत राहतो.

दवाखान्याचंही तसंच. सलाईन, ऑक्सिजन, यंत्रावरची रेघ सगळ्यांच्या कवितेत आहे. शेवटच्या दिवसांतली एकच गोष्ट घ्यावी आणि तीही त्या माणसाचीच असावी: खाटेवर पडल्यापडल्या हवेत बिडी वळणारी बोटं, किंवा भाताला पाणी पाजलं का ही विचारणा.

खर्डा झाला की महिना-दोन महिने वही मिटून ठेवावी. उघडल्यावर पहिलं आणि शेवटचं कडवं झाकून वाचावं. पहिल्यात कवी घसा खाकरत असतो, शेवटच्यात तात्पर्य सांगत असतो. बहुतेक वेळा दोन्ही निघतात आणि कविता उभी राहते. विशेषणं मोजावीत, चार ओळींत एकाहून जास्त असलं तर का आहे ते स्वतःला विचारावं. अश्रू, हुंदका, पोरका, रितेपण हे शब्द खोडून बघावेत. खोडल्यावर जागा मोकळी वाटली तर तिथे दुसरा शब्द न घालता एखादी वस्तू घालावी. सोळा ते वीस ओळी पुष्कळ होतात. वहीतलं बाकीचं दुसऱ्या कवितेला, तिसऱ्या कवितेला लागतं.

आणि मग वाचन. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी, भाषणं, आणि कविसंमेलन. मंडपात बाया-माणसं, शाळेची पोरं, शेतातून आलेली मंडळी. आईवरची कविता तिथे हमखास डोळ्यांत पाणी काढते, कशीही असली तरी. म्हणून त्या दादेवरून कविता जोखू नये. खरी पारख हवी असेल तर त्याच धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवावी: बिडीची कविता बिडी वळणाऱ्या बाईला, मागाची कविता विणकराला. त्यांनी 'सूत असतंय, दोरी न्हवं' म्हटलं की लगेच लिहून घ्यावं.

मंचावर जाण्याआधी कविता घरी मोठ्याने वाचावी, गळा कुठे दाटतो ते पाहून त्या जागी पेन्सिलने खूण करावी, आणि खुणेच्या आधीच्या ओळीनंतर पूर्ण श्वास घ्यायची सवय लावावी. गळा बहुधा साध्या ओळीवर दाटतो, ठसठशीत ओळीवर नाही. तेव्हा खूण अंदाजाने करू नये. कागदावर अक्षर मोठं, ओळींत अंतर, घडी ओळीवर येणार नाही अशी. पाठ असली तरी कागद हातात असावा. आई कधी गेली, कशाने गेली, हे आधी सांगत बसू नये. प्रस्तावनेतच सगळे हळहळले की कवितेला करायला काही उरत नाही. शीर्षक म्हणावं, मनात दोन आकडे मोजावेत आणि सुरू करावं. अभंग असेल तर चालीवर गाऊ नये, नुसता म्हणावा. चाल लागली की लोक टाळ धरल्यासारखे डोलतात आणि 'न बघता' ही चार अक्षरं ऐकू येत नाहीत. वाचताना गळा दाटलाच तर थांबावं, माफी मागू नये, मागची ओळ पुन्हा घेऊन पुढे जावं. संपल्यावर कागद मिटून खाली यावं, म्हणजे पुढच्या कवीला त्याचा वेळ मिळतो.